स्लेड विकून एटीव्ही घ्यावी का?

वाचकाचं पत्र: मी मिनेसोटात ब्लेनला राहतो. गॅरेजमध्ये दोन स्नोमोबाइल, म्हणजे आमच्या बोलीत स्लेड, आहेत. माझी २०१९ची ८५० सीसी टू-स्ट्रोक, १३७ इंची ट्रॅकची, आणि पत्नीची २०१४ची ९०० सीसी फोर-स्ट्रोक. २०२३-२४च्या हिवाळ्यात दोन्ही जवळजवळ उभ्याच राहिल्या. पत्नीला वेगळ्या स्लेडवर एकटीनं थंडी खात बसायचा कंटाळा आलाय, माझी कंबर दुखते आणि मुलगी आता १३ वर्षांची आहे. मित्र एकेक करून एटीव्हीकडे, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या हँडलच्या चारचाकींकडे, वळले. दोन्ही स्लेड विकून दोन एटीव्ही घ्याव्यात, की एक साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी सीटची, स्टिअरिंगची गाडी? ट्रेलर दोन स्लेडचा, उघडा आहे. माझा जन्म १९८१चा, पत्नीचा १९८८चा. — बर्फाची वाट पाहून थकलेला

नमस्कार,

दोन्ही एकदम विकू नका. ८५० विका, फोर-स्ट्रोक ठेवा. नवीन यंत्रावर पैसे घालण्याआधी येत्या सप्टेंबरात साइड-बाय-साइड भाड्यानं घेऊन दोन वेगवेगळ्या ठिकाणी चालवून बघा. दोन्ही स्लेड एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाला काढल्या आणि जुलैच्या धुळीत कळलं की आपल्याला हे आवडत नाही, तर तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत होते.

आधी हिवाळ्याबद्दल. २०२३-२४नं सगळ्यांना हादरवलं हे खरं. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल भागात, जेमतेम ३० इंच बर्फ पडला आणि उत्तरेला बेअरग्रीझ ही कुत्र्यांच्या स्लेडची शर्यतसुद्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२-२३मध्ये, डुलुथला १४०.१ इंच पडला होता, तिथला आजवरचा विक्रम. ट्विन सिटीजमध्येही ९० इंचांच्या वर गेला होता. यातल्या कुठल्याही एका वर्षावर दहा-पंधरा हजार डॉलरचा निर्णय टाकणं चूक आहे. मिनेसोटातले हिवाळे उबदार होत चालले आहेत, आणि त्याचा पहिला फटका तुमच्यासारख्या दक्षिणेकडच्यांना बसतो. घरातून निघून शनिवारी दुपारी दोन तास फिरून यायचं, हे दिवस कमी झाले आणि आणखी कमी होतील. स्लेड ठेवायची असेल तर ती मोठ्या दौऱ्यांसाठी, वर्षातून दोन-तीनदा, असं धरूनच ठेवा.

त्या दौऱ्यांसाठी जागा आहेत. मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलातला कीवीनॉ हा सुळका लेक सुपीरियरमध्ये आत घुसलाय. थंड वारा न गोठलेल्या तळ्यावरून येताना बाष्प उचलतो आणि उंचवट्यावर चढताच बर्फ सोडतो. १९७८-७९मध्ये तिथे ३९०.४ इंच पडला होता. तळं गोठलं की हा पुरवठा मंदावतो, म्हणून तिथे जायचं तर जानेवारीच लवकर गाठावा. ब्लेनहून कीवीनॉतलं हौटन साधारण सहा-साडेसहा तास. मिनेसोटात राहायचं तर डुलुथ ते ग्रँड मरे हा १४६ मैलांचा नॉर्थ शोर स्टेट ट्रेल आहे. हे अंतर ट्रेलर ओढत जायची तुमची तयारी नसेल, तर मात्र स्लेडचा विषय संपला. मग फोर-स्ट्रोकही विकून टाका. हे उत्तर तुम्ही दोघांनी मिळून द्यायचं आहे, कंबरेनं किंवा मित्रांनी नाही.

आता एटीव्हीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. अनेकांना वाटतं, ट्रेल तेच, फक्त यंत्र बदलायचं आणि ऋतू मोठा होईल. तसं नाही. मिनेसोटात स्नोमोबाइलचे २२,००० मैलांहून जास्त ट्रेल आहेत. त्यातले बहुतेक स्थानिक क्लब सांभाळतात आणि त्यांचा फार मोठा भाग खासगी शेतांतून जातो. मालकानं परवानगी दिलेली असते ती गोठलेल्या जमिनीवर, हिवाळ्यापुरती. बरेच ट्रेल दलदलीवरून आणि तळ्यांवरून जातात. जूनमध्ये तिथे जमीनच नसते, पाणी असतं. एटीव्हीचा नकाशा वेगळा आणि लहान आहे, आणि ब्लेनहून चांगल्या जागी जायला इथेही दोन ते चार तास ट्रेलर ओढावाच लागतो. गिल्बर्टचं आयर्न रेंज ओएचव्ही (ऑफ-हायवे वाहनांचं) क्षेत्र, ईली-बॅबिट-टॉवर भागातला प्रॉस्पेक्टर लूप, फूट हिल्स स्टेट फॉरेस्टमधले स्पायडर लेकचे ट्रेल, या जागा खरोखर उत्तम आहेत. पण 'एटीव्ही घेतली की लांब जावं लागणार नाही' हे मनातून काढून टाका.

ऋतूही कागदावर दिसतो तेवढा मोठा नाही. बर्फ वितळताना माती भिजलेली असते, तेव्हा डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, वसंतात ट्रेल बंद ठेवतं, काही ठिकाणी थेट मेपर्यंत. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या. जुलै-ऑगस्टमध्ये मागून येणाऱ्याला पुढच्याची धूळ खावी लागते. दोन गाड्यांमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवावं लागतं, गॉगल आणि मास्क लागतोच. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्य हा सोन्याचा काळ: डास गेलेले, पावसानं धूळ बसलेली, मेपल रंगलेले. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम लागतो. त्या दिवसांत भगवं जॅकेट घातल्याशिवाय जंगलात शिरू नका, शिकारी असा वा नसा.

आणि चालवण्याची जात वेगळी आहे. चांगल्या सपाट केलेल्या ट्रेलवर स्लेडनं दिवसात १०० मैल सहज होतात, मध्ये जेवण, पेट्रोल धरून. एटीव्हीवर जंगलाच्या ट्रेलवर सरासरी १२-१५ मैल वेग पडतो आणि ४०-५० मैलांत दिवस भरतो. स्लेडमध्ये मजा अंतराची आणि लयीची, एटीव्हीत मजा दगड, ओढे, चढ यांतून वाट काढण्याची. तुम्हाला स्लेडवर नेमकं काय आवडतं? एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं आवडत असेल तर एटीव्ही तुम्हाला संथ वाटेल. थांबत, बघत, मुलीशी बोलत जाणं आवडत असेल तर साइड-बाय-साइडवर तुम्ही जास्त खूश व्हाल. सुट्टीत लोणावळ्याला किंवा गोव्यात पर्यटकांना गोल फिरवणाऱ्या एटीव्हीवर बसला असाल, तर तो अनुभव हिशेबात धरू नका. जंगलाच्या ट्रेलवरचं चालवणं त्यात कणभरही कळत नाही.

कंबर. इथे घाईनं एटीव्हीच्या बाजूनं कौल देऊ नका. स्लेडवर कंबरेला त्रास होतो तो मुख्यतः ट्रेल खराब झाल्यावर येणाऱ्या लाटांसारख्या उंचवट्यांमुळे आणि रुतलेली पाचशे पौंडांची स्लेड उचलून काढताना. एटीव्हीवर धक्के लहान पण सतत येतात, आणि ते मनगटं, खांदे आणि कंबर मिळून घेतात. एकट्यासाठी एटीव्ही घेतलीच, तर मागचा अ‍ॅक्सल अखंड, एकाच दांड्याचा असलेली घेऊ नका. होंडा रँचरची साधी आवृत्ती तशी असते. शेतकामाला ती उत्तम आहे, दुखऱ्या कंबरेला नाही. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असलेली आणि पॉवर स्टिअरिंगची घ्या. पोलारिस स्पोर्ट्समन ५७०, यामाहा कोडियाक किंवा ग्रिझ्ली, कॅन-अॅम आउटलँडर, या वर्गात बघा. ४५० ते ५७० सीसी ट्रेलला पुरते, ८५० किंवा १००० सीसीचे जास्तीचे घोडे तुम्ही वापरणार नाही. टायरची हवाही तपासा. एटीव्हीत ती साधारण ५ ते ७ पीएसआय असते आणि विकणारे अनेकदा वाहतुकीसाठी भरलेली जास्त हवा तशीच ठेवतात. १२ पीएसआयवर चालवून 'ही फार आदळते' म्हणणारे बरेच असतात. घरात आठ पीएसआयच्या खाली नीट वाचणारं कमी दाबाचं गेज हवं, मोटारीचं चालत नाही.

पण तुमच्या घराचं खरं उत्तर साइड-बाय-साइडच आहे असं आम्हाला वाटतं. वहिनींना एकटं बसायचा कंटाळा आहे, म्हणजे दोन एटीव्ही घेऊन तोच प्रश्न उन्हाळ्यात नेणं झालं. एटीव्हीच्या लांब सीटवर मुलीला मागे बसवू, हा विचार तर अजिबात नको. ती सीट चालवणाऱ्यानं पुढे-मागे सरकावं म्हणून लांब असते. मागे माणूस बसला की वजन मागे सरकतं आणि चढावर पुढची चाकं उचलतात. दोघांसाठी बनवलेली, लांब व्हीलबेसची मॉडेल वेगळी मिळतात, आणि मागे कोणी बसायचं ते फक्त त्यांच्यावर.

तिघांसाठी म्हणजे एकाच बाकावर तिघं किंवा चार सीटची गाडी, आणि इथे रुंदीचा प्रश्न येतो. घेण्याआधी हा नीट समजून घ्या. मिनेसोटात ५० इंच किंवा त्याहून अरुंद यंत्र क्लास १, ५० ते ६५ इंचांचं क्लास २. माप रिमच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. ६५च्या पुढे गेलं की ते कायद्यानं एटीव्ही राहतच नाही, ऑफ-रोड व्हेइकल होतं, आणि ट्रेलचं जाळं एकदम आकसतं. काही ट्रेल फक्त क्लास १साठी आहेत, तिथे क्लास २ला बंदी असते. ७२ इंची खेळाच्या गाड्या शोरूममध्ये फार देखण्या दिसतात. त्या वाळवंटासाठी आहेत, उत्तर मिनेसोटाच्या बर्च-स्प्रूसमधून जाणाऱ्या वाटांसाठी नाहीत. दोन सीटची ५० इंची मिळते, होंडा पायोनियर ५२० किंवा कॅन-अॅम मॅव्हरिक ट्रेल, पण त्यात तिसऱ्या माणसाला जागा नाही. तिघांच्या गाड्या ५० इंचांहून रुंद असतात, म्हणजे तुम्ही क्लास २मध्येच जाणार. तुम्हाला जायचे आहेत ते ट्रेल डीएनआरच्या नकाशावर उघडून कोणत्या क्लासला खुले आहेत ते आधी बघा, मग गाडी बघा. मुलगी पाठ सीटला टेकवून बसल्यावर तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर उलटताना पाय बाहेर फेकला जातो. तिला हेल्मेट आणि पट्टा कायद्यानंच सक्तीचा आहे. मोठ्यांनीही लावावाच. साइड-बाय-साइड उलटते तेव्हा माणसं मरतात ती बहुधा अर्धवट बाहेर फेकली जाऊन गाडीच्या संरक्षक पिंजऱ्याखाली सापडल्यानं. पट्टा आणि दाराची जाळी, दोन्ही बंद असतील तर बहुतेक वेळा माणूस पिंजऱ्याच्या आतच राहतो.

तुमच्या ट्रेलरचंही बघा. स्लेडचं वजन ट्रॅक आणि स्कीवर पसरतं. १,५०० पौंडांच्या साइड-बाय-साइडचं वजन चार लहान ठिकाणी पडतं आणि हलक्या ट्रेलरचं प्लायवुड तिथे फाटतं. ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावरची पाटी वाचा, वजनमर्यादा यंत्र अधिक पेट्रोल अधिक सामान धरून मोजा, आणि लहान चाकांचे जुने टायर उन्हाळ्याच्या डांबरावर तापून फुटतात हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात तोच टायर वर्षानुवर्षं टिकलेला असतो, म्हणून कोणी बघत नाही.

स्लेड चालवणाऱ्यांच्या काही सवयी एटीव्हीवर घातक ठरतात. वळणावर तोल जातोय वाटलं की स्लेडवर पाय बाहेर निघतो. एटीव्हीवर पाय खाली टेकलात तर मागचं चाक त्यावर चढतं. पाय नेहमी फूटरेस्टवर. स्लेडवर थ्रॉटल सोडला की ट्रॅकच्या ओढीनं वेग पटकन उतरतो. एटीव्हीवर, विशेषतः इंजिन ब्रेकिंग नसलेल्या मॉडेलवर, गाडी तशीच पुढे जाते. उतारावर आधीच लो गिअर टाका. आणि स्की बर्फावर थोड्या घसरतात, त्यामुळे स्लेड वळणातली चूक माफ करते. रबराचा टायर पकडतो, आणि वेगात हँडल एकदम फिरवलं की गाडी सरळ बाहेरच्या बाजूला उलटते. चढावर इंजिन बंद पडलं तर मागे घरंगळत येऊ नका. ब्रेक धरा, पार्किंग लावा, चढाच्या वरच्या बाजूनं उतरा. खालच्या बाजूनं कधीच नाही.

'हिवाळ्यातही एटीव्ही चालवू' हा हिशेबही मांडू नका. सपाट केलेल्या स्नोमोबाइल ट्रेलवर तिला बंदी असते, आणि ते योग्यच आहे: चाकं बर्फात खोल चर पाडतात, ते रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी ५० मैल वेगानं येणाऱ्या स्लेडची स्की त्यात अडकते. चाकांच्या जागी ट्रॅक किट लावता येतं, पण ते हजारो डॉलरचं असतं, इंजिनाची ताकद खातं आणि हँडल जड करतं. तळ्यावर मासेमारीला जाणार असाल तर स्वच्छ, नव्या, कडक बर्फाची जाडी स्लेड किंवा लहान एटीव्हीला ५ ते ७ इंच, साइड-बाय-साइडला ७ ते ८ इंच हवी. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फाला दुप्पट धरा. गाडीपुढे नांगर लावून ड्राइव्हवे साफ करणं मात्र छान होतं.

८५० कधी आणि कशी विकायची? ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात. पहिला चांगला बर्फ पडला की त्या आठवड्यात फोन वाजायला लागतात, एप्रिलमध्ये कोणी विचारत नाही. टू-स्ट्रोक घेणारा पहिल्यांदा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, विचारतो. दोन्ही सिलिंडरचं मोजून आकडे जाहिरातीतच लिहा. आकड्यापेक्षा दोन्हींत फरक नसणं महत्त्वाचं. स्लायडर, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना हायफॅक्स म्हणतात, खुणेच्या रेषेपर्यंत झिजले असतील तर बदला. कमी बर्फात चालवलेल्या स्लेडचे ते हमखास झिजतात, कारण त्यांना वंगण आणि रेडिएटरला थंडावा, दोन्ही ट्रॅकनं उडवलेल्या बर्फातूनच मिळतो. स्कीखालच्या कार्बाइडच्या पट्ट्या बोथट असतील तर त्याही बदला. थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ ठेवा. आणि जुना बेल्ट जादा म्हणून सोबत द्या.

फोर-स्ट्रोक ठेवायला सांगतोय कारण ती वर्षभर उभी राहिली तरी कमी कुरकुर करते, पेट्रोल कमी पिते आणि सहा तास दूर नेऊन दिवसाला १०० मैल चालवायला तीच जास्त सुखाची आहे. दुबळ्या हिवाळ्यात तिला स्क्रॅचर लावून ठेवा. स्लेडखाली लोंबणाऱ्या या तारा कडक बर्फ खरवडून हीट एक्स्चेंजरवर आणि स्लायडरवर उडवतात. मार्चअखेर साठवताना टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलनं काठोकाठ भरा. मिनेसोटात पंपावर ते मनोरंजनाच्या वाहनांसाठी मिळतं. त्यात स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. इंजिन ऑइल साठवण्याआधी बदला, नंतर नाही, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल उन्हाळाभर बेअरिंगना खातं. सस्पेन्शनच्या प्रत्येक निपलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. बेल्ट काढा, मागची बाजू स्टँडवर घ्या. हवेच्या तोंडाला आणि एक्झॉस्टला तारेची जाळी लावा, नाहीतर उंदीर एअरबॉक्समध्ये घर करतात. आणि हँडलवर ठळक चिठ्ठी बांधा: 'आधी जाळी काढा'.

स्लेड एकच उरली तरी स्थानिक क्लबचं सदस्यत्व सोडू नका, अशी आमची मनापासून विनंती आहे. दुबळ्या हिवाळ्यांत लोक नोंदणी आणि सदस्यत्व बंद करतात, सपाटीकरणाला पैसा कमी पडतो, शेतमालकाशी दरवर्षी बोलणारा माणूस उरत नाही. एकदा सुटलेली शेतातली वाट परत मिळवणं फार कठीण असतं.

भाड्याच्या दोन दिवसांत काय बघायचं ते आधी ठरवा. एक दिवस गिल्बर्टसारख्या दगडी, चढ-उताराच्या जागी, एक दिवस सपाट, लांब ट्रेलवर. अर्धा वेळ वहिनींनी चालवायचं. त्यांचा जन्म १ जुलै १९८७ नंतरचा असल्यानं सार्वजनिक जागी चालवण्याआधी त्यांना एटीव्हीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागेल. स्नोमोबाइलचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. तुम्हाला कायद्यानं सूट आहे, तरी तुम्हीही सोबत करा, वर सांगितलेल्या सवयी तिथेच सुटतात. मुलीलाही आत्ताच एटीव्ही आणि स्नोमोबाइल, दोन्ही अभ्यासक्रमांना घाला. मुलांच्या प्रत्यक्ष सरावाचे वर्ग ठरावीक दिवशीच होतात, म्हणून तारखा सप्टेंबर उजाडायच्या आत बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कंबर कशी आहे, हे लिहून ठेवा. चालवताना ती फसवते.